सूटकेस कोणाच्या गाडीत

जेवणं आटोपेपर्यंत अडीच वाजले. चंद्रमतीबाईंनी सुनेची, नंदिताची, निळी सूटकेस हॉलच्या मधोमध आणून ठेवली आणि विचारलं, "ही कोणाच्या गाडीत ठेवायची?"

"अण्णांच्या," वेंकटेश म्हणाला.

"वेंकटेशच्या," श्रीनिवासराव म्हणाले.

नंदिताचे दोघे काका, सख्खे भाऊ, एकदमच बोलले, तोंडात विडा असल्यामुळे जरा बोबडं. मग एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्यानं थट्टा केली असं दोघांनाही वाटलं. नंदिताचा नवरा साईराम सकाळीच होसूरच्या बसमधून उतरला होता आणि त्याची झोप अर्धीच झाली होती. त्यानं हसणं ऐकलं, सूटकेस उचलली आणि फाटकाजवळ जी गाडी उभी होती तिच्या डिकीत नेऊन ठेवली. ती श्रीनिवासरावांची निघाली. पाच मिनिटांनी त्यांची बायको राजलक्ष्मी फळांची पिशवी ठेवायला गेली आणि लगेच परत आली.

"आमच्या डिकीत कोणाची पेटी राहिली आहे," ती म्हणाली.

"नंदिताची ती," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

"मग आमच्या गाडीत कां?"

इथं हसणं थांबलं.

आता झालं होतं असं. वळैकाप्पू, म्हणजे सातव्या महिन्यात पोरीच्या हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरायचा समारंभ, एकदा उरकला की पोरीनं त्या संध्याकाळी सासरच्या दिव्यापुढे बसायचं नसतं. माहेरच्यांनी तिला तिथूनच न्यायची, आणि तिनं मूल घेऊनच परत यायचं. हे तमिळ लोकांचं की आपलं, ते विचारू नये. तंजावुरात साडेतीनशे वर्षं शेजारी राहिल्यावर कोणाचं काय ते कोणालाच सांगता येत नाही, आणि सांगायला गेलं की भांडणं होतात. त्यातून आज रविवार. राहूकाल साडेचारला लागणार. त्याच्या आत नंदितानं उंबरा ओलांडायला हवा होता, आणि ओलांडून कुठं जायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

नंदिताला आईबाप नव्हते. बाप, म्हणजे चार भावांतला तिसरा, दोन वर्षांपूर्वी गेला. आई त्याच्याही आधी. लग्न काकांनी मिळून लावलं आणि चांगलं लावलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. बाळंतपणाचं मात्र असं झालं की चेन्नैच्या वेंकटेशनं मनात म्हटलं, अण्णा थोरले, तंजावुरातच राहतात, ते असताना मी पोर नेली तर त्यांचा अपमान होईल. श्रीनिवासरावांनी मनात म्हटलं, वेंकटेश शिकलेला, चेन्नैत मोठमोठी आस्पत्रं, त्याला हा मान द्यावा. तीन महिने दोघे एकमेकांचा मान राखत होते. विहीणबाईंनी फोन केला की दोघंही सांगत, "ते आमच्या घरचं काम, तुम्ही काळजी करू नका." आमच्या घराण्यात मान इतका मनापासून राखतात की दुसऱ्याला ते कळवायचंही राहून जातं.

"बरं," चंद्रमतीबाई म्हणाल्या. त्या तीस वर्षं हेडमिस्ट्रेस होत्या. दोन मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. "आता ठरवा. पावणेतीन झाले."

"आमच्याकडे न्यायला काहीच हरकत नव्हती," राजलक्ष्मी म्हणाली. तिनं 'नव्हती' म्हटलं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. "पण टाइल्सचं काम काढलं आहे की. घरभर धूळ. अशा दिवसांत पोरीच्या छातीत धूळ गेली तर?"

"कधी संपणार काम?"

"मेस्त्री पंधरा दिवस म्हणून सांगतो. म्हणजे तुम्हास ठाऊकच."

"मधली खोली आहे की," श्रीनिवासराव म्हणाले. ते मनानं वाईट नव्हते. "तिथं टाइल्स नाहीत."

"तिथं ट्रेडमिल आहे," राजलक्ष्मी म्हणाली.

श्रीनिवासरावांनी विचार केला. ट्रेडमिल त्यांनीच आणलं होतं आणि एकदा चाललेही होते.

मग सगळ्यांनी वेंकटेशकडे बघितलं. "वासुकीला विचारतो," म्हणून तो फोन घेऊन व्हरांड्यात गेला. वासुकी, त्याची बायको, चेन्नैतच राहिली होती. व्हरांड्यातून बराच वेळ नुसतं "होय", "तसं नाही गं", "होय" एवढंच ऐकू येत होतं. परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पोरीची, हरिप्रियाची, परीक्षा आहे," तो म्हणाला. "मेडिकलची. मे महिन्यात. घरात टीव्हीसुद्धा लावत नाही आम्ही. त्यात तान्हं मूल म्हटल्यावर…"

"टीव्हीचा आवाज कमी करता येतो, ते खरं," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

"शिवाय डॉक्टरणीनं लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं आहे. प्रेशर आहे ना तिला? वासुकीच म्हणाली. मला मुळी सुचलंच नव्हतं." हे बोलून त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं दुसरा विडा उचलला.

प्रेशर होतं, ते खोटं नव्हतं. डॉक्टरणीनं बजावलं होतं की पोरीला एकटी ठेवायची नाही, रात्रंदिवस जवळ बाईमाणूस हवं, आणि आस्पत्र अर्ध्या तासाच्या आत हवं. साईराम शनिवार-रविवारच यायचा. चंद्रमतीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी जवाब दिला होता. रात्री पाणी प्यायला उठायचं तर त्यांना पलंगाच्या कडेला दहा मिनिटं नुसतं बसून राहावं लागे.

"अम्मा, इथंच राहू दे ना तिला," साईराम म्हणाला. "ऑफिसात सांगून बघतो. हल्ली कोण बघतंय हे सगळं?"

"मी बघते," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

त्यांना सुनेला घालवायची घाई झाली आहे, असं राजलक्ष्मीला वाटलं. तिनं तसं नवऱ्याच्या कानात सांगितलंही, आणि नवऱ्यानं मान डोलावली. चंद्रमतीबाईंनी ते बघितलं. चाळीस वर्षांपूर्वी कुंभकोणात त्यांच्या हातांत बांगड्या भरल्या, गालांना चंदन लावलं, आणि दिवे लागेपर्यंत त्या तशाच पाटावर बसून राहिल्या. न्यायला कोणी आलं नाही. कारण काही का असेना, आलं नाही. त्यानंतर सासू मरेपर्यंत घरात कोणी पाहुणं आलं की ती ओळख करून देई, "ही आमची सून. हिला न्यायला कोणी आलं नाही." चंद्रमतीबाई शाळेच्या हेडमिस्ट्रेस झाल्या, कलेक्टरच्या हातून शाल मिळाली, तरी घरी ओळख तीच राहिली. हे नंदिताच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी धरलं होतं. पण तसं सांगायचं म्हणजे स्वतःची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

"कापी करू का?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"कर," श्रीनिवासराव म्हणाले. अडचणीच्या वेळी कापी मागवणं हे थोरल्या भावाचं काम असतं.

मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारापाशी, चौथा भाऊ सांबशिव आणि त्याची बायको अंबा भांडी घासत होते. घरचंच कार्य म्हणून सकाळी चार वाजता तिरुवैयारूहून आले होते. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात आणि गोड पोंगल, साठ माणसांचं सगळं त्या दोघांनी केलं. सांबशिव एका मठाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. भाऊ कोणाला ओळख करून देताना, "हा आमचा धाकटा, तिरुवैयारूला असतो," म्हणत आणि विषय कावेरीच्या पाण्याकडे वळवत.

स्वयंपाकघराची खिडकी हॉलातच उघडते. त्यामुळे दोघांना पहिल्यापासून सगळं ऐकू येत होतं, ट्रेडमिलसकट.

"अहो," अंबा म्हणाली. "ऐकता का?"

"ऐकतोच आहे."

"आपल्याकडे आणू या पोरीला?"

सांबशिवनं पातेलं खाली ठेवलं. "बुधवार?"

बुधवारी सकाळी सहा वाजता तिरुवैयारूच्या बसस्टँडवर डोळ्यांच्या शिबिराची व्हॅन येणार होती. अंबाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून दोन वर्षं झाली होती आणि डावा त्याच वाटेला लागला होता. दोन वर्षं ती तांदूळ बोटांनी निवडत होती, आणि गुळाचा पाक झाला की नाही ते उकळीच्या आवाजावरून सांगत होती. माणसं तिला ऊन आणि सावली एवढीच दिसत, बाकीचं ती बोलण्यावरून जुळवी. याआधी तीनदा नाव लागलं आणि तीनदा राहिलं. एकदा साखर वाढली, एकदा सांबशिव तापानं पडला, एकदा ती रांगेत असतानाच यादी संपली. आता चौथ्यांदा सगळं जुळून आलं होतं. पण ऑपरेशन झालं की महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही, वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, असा नियम होता. घरात सातव्या महिन्यातली पोर आणि तिची उठबस करणारी एकच बाई. दोन्ही एका वेळी होण्यातलं नव्हतं, आणि हे अंबाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बुधवार राहू दे," ती म्हणाली.

"पुढचं शिबिर आवणीत, ऑगस्ट उजाडेल."

"येईल की आवणी. दर वर्षी येते."

सांबशिवनं पातेल्याला चिकटलेला पोंगल नखानं काढला. "निजायची कुठं ती?"

"आत. मी तिच्यापाशी खाली निजते."

"आणि मी?"

"तुम्ही ओसरीवर. नाहीतर मठात."

"मठात डास आहेत."

"मग ओसरीवर."

"ओसरीवरही आहेत," सांबशिव म्हणाला. मग त्यानं पातेलं पुन्हा उचललं. "सेरी. चालेल."

त्या दोघांचं एवढ्यात ठरलं. हॉलात अजून कापीत साखर किती, ते चाललं होतं.

अंबा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. हॉल तिला अंधुक पिवळा दिसत होता आणि त्यात काही ठिपके हलत होते. जो ठिपका हलत नव्हता ती नंदिता असणार, असं धरून ती त्या बाजूला बोलली.

"पोर आमच्याकडे येते."

मग सगळे एकदम बोलायला लागले. गंमत बघा, अडीच वाजल्यापासून ज्यांचं एकमत होत नव्हतं त्यांचं इथं चुटकीसरशी झालं.

"लाइन घरात?" राजलक्ष्मी म्हणाली. "पाच बिऱ्हाडांत एक न्हाणी!"

"प्रॅक्टिकल बोला जरा," वेंकटेश म्हणाला. "मी वाईट अर्थानं बोलत नाही."

"सांबा," श्रीनिवासराव दाराकडे बघून जोरात म्हणाले, "आपले खापरपणजोबा राजांच्या दरबारात शिरस्तेदार होते. त्या घराण्यातली पोर लाइन घरात बाळंत व्हायची? लोक काय म्हणतील?"

सांबशिव ओले हात पुढे धरून बायकोच्या मागं उभा होता. खापरपणजोबांचं तो ऐकत आला होता. त्यांचं घर कुठल्या गल्लीत होतं ते मात्र अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

"खरं आहे भावोजी," अंबा म्हणाली. "मग तुमच्या घरी न्या."

श्रीनिवासरावांनी कापीचा घोट घेतला.

"किंवा चेन्नैला न्या," अंबा म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ती खरोखरच विचारत होती. कोणी हो म्हटलं असतं तर तिनं आत जाऊन उरलेली भांडी घासली असती, आणि बुधवारी व्हॅनमधे बसली असती.

कोणी हो म्हटलं नाही.

नंदिता या सगळ्या वेळात पाटावर बसून होती. गालांवरचं चंदन वाळून तडकलं होतं. दोन्ही हातांत मिळून त्रेचाळीस बांगड्या. जरा हात हलला तरी एवढा आवाज होई की सगळे तिच्याकडे वळून बघत, जणू तिला काही म्हणायचं आहे. म्हणून ती हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. अडीच वाजल्यापासून घड्याळाकडे किती जणांनी बघितलं ते तिनं बघितलं. आपल्याकडे किती जणांनी बघितलं तेही बघितलं. तिला रडायचं नव्हतं. राग मात्र आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण सगळे तिच्याशी फार गोड बोलत होते. मोठ्या काकूनं तर मघाशीच तिच्या केसांतला गजरा सारखा केला होता.

"नंदिता," चंद्रमतीबाई म्हणाल्या, "तू सांग."

तिला विचारायचं असतं हे बाकीच्यांना तेव्हा आठवलं.

"मी अंबा काकूकडे जाते," नंदिता म्हणाली. बांगड्या वाजल्या.

मग मात्र घरात उत्साह आला. नेण्याचा प्रश्न सुटल्यावर देण्याला कोणाची ना नव्हती. राजलक्ष्मीनं जुनी लोखंडी कॉट देऊ केली, ती नाहीतरी टाइल्सच्या कामात आड येत होती. वेंकटेश म्हणाला, "मी एसी पाठवतो." सांबशिवनं सांगितलं की लाइन घरात दोन बिऱ्हाडांनी एका वेळी मिक्सर लावला तरी सगळ्यांची वीज जाते. तेव्हा वेंकटेश टेबलफॅनवर आला. टेबलफॅन आहे म्हटल्यावर त्यानं डास मारायची बॅट कबूल केली. श्रीनिवासरावांनी नातवासाठी, त्यांना नातूच हवा होता, नावं सुचवायला घेतली. ट्रेडमिलबद्दल कोणी काही बोललं नाही.

"आम्ही सोडतो की गाडीनं," वेंकटेश म्हणाला.

"नको भावोजी. भांड्यांसाठी आटो सांगितला आहे, त्यातच जाऊ," अंबा म्हणाली.

चार वाजून पाच मिनिटांनी शेवटचा विधी झाला. सासूनं सुनेचा हात माहेरच्या बाईच्या हातात द्यायचा, वर तांबूल ठेवायचं, आणि म्हणायचं, "आमचं तुमच्या स्वाधीन करतो." चंद्रमतीबाई दारात उभ्या राहिल्या. मागून पश्चिमेचं ऊन थेट येत होतं. नंदिताचा हात धरून त्यांनी तो पुढं केला, तांबूल पुढं केलं. अंबानं दोन्ही हात पुढं केले, एक वीतभर डावीकडे. पानं, सुपाऱ्या आणि केळी सरळ जमिनीवर पडली.

"हात इकडं," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

अंबानं हात आणखी डावीकडे नेले.

तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईपासून असं काही लपवता येत नाही. कोणता मुलगा फळा दिसत नसताना शेजाऱ्याचं बघून लिहितो ते चंद्रमतीबाई दारातून ओळखत. त्यांनी अंबाच्या तोंडापुढे दोन बोटं धरली. "किती?"

"ऊन फार आहे विहीणबाई," अंबा म्हणाली.

"किती बोटं?"

सांबशिव बोलला. तो कार्यात कधी बोलत नसे, त्यामुळे त्याचा आवाज भावांनाही नवा वाटला.

"बुधवारी ऑपरेशन होतं तिचं," तो म्हणाला. "शिबिरात. आता नाही करत. पोर येते आहे ना."

नंदितानं अंबाकडे बघितलं, मग मोठ्या काकूकडे, मग वेंकटेश काकाकडे. आता कोणीतरी म्हणेल. महिनाभराचाच तर प्रश्न आहे, महिनाभर आम्ही नेतो, असं कोणीतरी म्हणेल. तिला अगदी खात्री वाटली. राजलक्ष्मीनं तोंड उघडलंही होतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण मग तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि नवऱ्यानं भिंतीवर.

"सव्वाचार," श्रीनिवासराव म्हणाले.

वेंकटेशनं वाकून जमिनीवरची पानं गोळा करायला घेतली. तो एक एक पान उचलून, झटकून, दुसऱ्यावर सारखं ठेवत होता.

"मी पाठवत नाही तिला," चंद्रमतीबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही बुधवारी जा."

"रात्री तिला चक्कर आली तर तुम्ही उठणार कशा?" अंबा म्हणाली. "आणि ती आमची झाली आता. पदरात घातलीत ती परत मागता होय?"

"तांबूल तर खाली पडलं."

"ते माझ्या डोळ्यांमुळं. पोरीचा हात लागला की माझ्या हाताला." आणि तिनं चाचपून नंदिताचं मनगट पक्कं धरलं. दोन बांगड्या तिथंच फुटल्या.

तेव्हा चंद्रमतीबाईंनी जे केलं ते आमच्या घराण्यात आजवर कोणत्याही वरमाईनं केलेलं नाही. मुलाकडची बाई मुलीकडच्या बाईपुढे वाकत नाही, त्यातून थोरली धाकटीपुढे तर नाहीच नाही. त्या खाली बसल्या, हात टेकले, आणि स्वयंपाक्याच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऐय्यो, मी लहान!" अंबा ओरडली आणि पाय मागं घेताना केळ्यावर घसरता घसरता वाचली.

खाली जाणं चंद्रमतीबाईंना बरं जमलं. वर येणं जमेना. शेवटी एका बाजूनं साईरामनं आणि दुसऱ्या बाजूनं सांबशिवनं धरून त्यांना उठवलं. त्यात सहा मिनिटं गेली. "कोणी न्यायला आलं," त्या धापा टाकत नंदिताला म्हणाल्या. "हे ध्यानात ठेव. कोणी विचारलं तर सांगायचं, मला न्यायला आले होते."

चार पंचवीसला आटो निघाला. पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकत सांबशिव, मागं अंबा आणि नंदिता, पायांशी निळी सूटकेस आणि दोन मोठी पातेली. फाटकात दोन्ही काका हात हलवत उभे होते. राजलक्ष्मी मोठ्यानं सांगत होती की कॉट उद्याच पाठवते, उद्या नाही जमलं तर परवा.

आटोनं वेण्णारू नदीचा पूल ओलांडला. नंदिता म्हणाली, "मला आधी कां सांगितलं नाहीस काकू?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग कुठं गेली असतीस?"

दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली शेतं होती, आणि ती बघायच्या मिषानं नंदितानं तोंड फिरवलं. अंबाला तोंड फिरवलेलं दिसलं नाही, पण बांगड्या गप्प आहेत ते कळलं.

"बुधवारी जाऊ या आपण," नंदिता म्हणाली. "मी येते बरोबर. डोळ्यांत थेंब मी घालीन, स्वयंपाक काका करतील. मी एवढी काही आजारी नाही."

"आणि पाणी कोण भरेल? दुसरी बाई शोधू मग तुझ्यासाठी? नको. एवढं बोलू नको, प्रेशर चढेल." अंबानं पातेलं पायानं सरळ केलं. "मी एक विचारू?"

"विचार."

"राहशील ना नीट? आठ दिवसांनी कोणाचा फोन आला, एसी लावला, ये म्हणाले, म्हणून जायची नाहीस ना? लग्नाला सव्वीस वर्षं झाली आमच्या. घरचं कोणी एक रात्र राहायला आलं नाही. येतात, ओसरीवर बसतात, पाणी पितात, बस आहे म्हणतात. मी दर पोंगलच्या सणाला एक चादर नवी ठेवते, कोणी आलंच तर. तुझ्यासाठी काही फार करते आहे असं वाटून घेऊ नको. मला हवं होतं कोणीतरी."

"बाळंत होईपर्यंत आहे मी," नंदिता म्हणाली.

"आणि मग तीन महिने."

"तीन महिने."

"पाच," पुढून सांबशिव म्हणाला. ड्रायव्हरनंही मान हलवली.

नंदिता हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, ते मग आवरेना. अंबानं तिचं तोंड चाचपलं, वाळलेलं चंदन बोटांनी खरवडून काढलं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवून बघितला.

"रडतेस कशाला? दोन महिन्यांनी, वैकासीत, तुझं मूल होईल. आवणीत माझा डोळा होईल, तेव्हा ते तीन महिन्यांचं असेल. तान्ह्या मुलांची तोंडं सगळी एकसारखीच असतात गं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. तीन महिन्यांनी जरा आकार येतो. तेव्हा बघीन मी."

सांबशिव पुढं रस्त्याकडे बघत होता. सव्वीस वर्षांत अंबानं एकही तान्हं मूल मांडीवर घेतलेलं त्यानं पाहिलं नव्हतं, तेव्हा त्यांची तोंडं कशी असतात हे तिला कुठून ठाऊक, ते त्यानं विचारलं नाही.